कारण

डंडीच्या वाचनालयात, तळमजल्यावर,
रेकॉर्ड घरी न्यायची तर आधी
आपल्या ग्रामोफोनची सुई आणून दाखवावी लागे.
मी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरायची.
झिजलेली असली की नाही म्हणायची.
माणसं काडेपेटीत, कापसात गुंडाळून सुया आणत,
पडलेला दुधाचा दात आणावा तशा.

प्रत्येक रेकॉर्डचं एक कार्ड, कार्डावर छापील वर्तुळ.
परत आलेल्या तबकडीवर नवा ओरखडा दिसला
की तो त्या वर्तुळात पेन्सिलीनं काढायचा, शेजारी तारीख.
एकवीस वर्षं मी ओरखड्यांची चित्रं काढली.
संगीत म्हणाल तर, जेवणाच्या सुट्टीत.

आता नगरपालिकेचं पत्र आलंय:
तळमजला रिकामा करा.
प्रत्येक रचनेची एकच ठेवा, सर्वोत्तम.
बाकीच्या वीस पेन्सला विका.
सोबत तक्ता: रचना, वादक, कारण.
कारणाचा रकाना बोटभर रुंद.

फार्करसाहेबांनी तज्ज्ञांचं जाड पुस्तक दिलं.
"इशबेल, डोकं चालवू नकोस. तीन तारे दिसले की ठेव."
सिंफन्या सकाळीच उरकल्या.
पियानो दुपारपर्यंत.
मग ते सी मेजरमधलं, दोन चेलोंचं क्विंटेट. पाच रेकॉर्डी.

पहिली तीन ताऱ्यांची: पाच नामवंत,
आणि अदब इतकी, की जणू दारात थांबलेत सगळे,
आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही.
दुसरी चर्चमधली. सूर संपतो, भिंती बोलत राहतात.
तिसरीला टेच्या पुलावरची शेवटची गाडी गाठायचीय.
चौथीतलं व्हायोलिन इतकं गोड की दाढेत कळ.
पाचवी स्वस्तातली,
माइक कसा कोण जाणे खालच्या चेलोच्या पायाशी ठेवलेला.
पुस्तकात तिला अर्धी ओळ: तोल गेलेली.

पाचवीच्या कार्डावर अठ्ठ्याहत्तर शिक्के,
साठ एकाच तिकिटाचे.
नेटा क्रायटन. तागाच्या गिरणीत एकोणचाळीस वर्षं.
त्या बायका मागांच्या खडखडाटात ओठ वाचून बोलत,
आणि भोंगा झाल्यावरही, बसमध्ये, लग्नात,
एकमेकींच्या तोंडाकडेच बघत राहत.
तिचे कान तिशीतच गेले होते.
वर्तुळात मात्र एकही ओरखडा नाही.
फक्त संथ भागाची वळी जराशी राखाडी.

मी विचारलं होतं एकदा, ओठ सावकाश हलवत,
"हीच का? याहून चांगली आहे."
ती म्हणाली, आणि सगळं वाचनालय वळून बघायला लागलं:
"त्या चारांत दुसरा चेलो येतच नाही, पोरी.
मी पेटीवर हात ठेवून बसते.
हिच्यात तो मनगटापर्यंत येतो."
मी शिक्का मारला. मागे रांग होती.

शेवटचा शिक्का परवाच्या वर्षीचा, मार्चमधला.
मी चौकशी केली नाही.

काल कुलूप लावल्यावर
काडेपेटीतला कापूस कानांत घातला,
पेटीच्या झाकणावर तळहात ठेवला
आणि पाचही लावल्या, एकामागून एक.
संथ भागात तो दुसरा चेलो तार बोटांनी खुडतो.
पहिल्या चारांत माशी बसली, उडाली.
पाचवीत
कुणीतरी खालून दार वाजवत होतं,
घाई नसलेलं,
घरात माणूस आहे हे ठाऊक असलेलं.

रकान्यात लिहिलं: हाताला ऐकू येते.
फार्कर तक्ता परत पाठवतील. पाठवू देत.

तरी तिसरा भाग, खरं सांगायचं तर,
ताऱ्यांवाल्यांचाच बरा आहे.
कापूस काढून दोनदा ऐकला.
पाचवीवाले तिथे अडखळतात, आणि ते झाकतही नाहीत.
हेही लिहायचं होतं.
रकाना संपला होता.